शंभर रुपयांमागे आठशे सोळा!



“बंड्या, पळ बरं! कोपऱ्यावरच्या टपरीवरून एक पाकीट घेऊन ये. उरलेल्या पैशांच्या गोळ्या घे.” ऐकलंय ना असं कधी? बंड्याला गोळ्या मिळतात, बाबांना सिगारेट. सगळे खूश! पण या पाकिटाची खरी किंमत किती? चला, वही-पेन्सिल घ्या. आज गणित करू या.

समजा, एक गृहस्थ रोज ५० रुपयांच्या सिगारेटी ओढतात. वर्षाचे झाले १८,२५० रुपये. वीस वर्षांचे? ३ लाख ६५ हजार! बापरे, केवढा धूर!

तुम्ही म्हणाल, “पैसे त्यांचे, फुफ्फुसं त्यांची. आपल्याला काय?” थांबा. इथेच गणित चुकतं, बरं का!

धुराचं दुखणं लगेच दिसत नाही. आज पेरलेलं वीस-तीस वर्षांनी उगवतं. कधी कर्करोग, कधी हृदयविकार, कधी कायमची धाप. तेव्हा तो माणूस घरातला कर्ता असतो. मग तपासण्या, औषधं, मोठ्या शहरातल्या इस्पितळाच्या फेऱ्या. त्याची मजुरी बुडते, सोबत जाणाऱ्या बायकोचीही बुडते. दागिने मोडतात, कर्ज होतं. कधी मुलांची शाळाही सुटते. सरकारी दवाखान्यातल्या खाटेचा खर्च निघतो सगळ्यांच्या करातून. म्हणजे ज्यांनी कधी विडी हातात धरली नाही, तेसुद्धा पैसे भरतात!

हा हिशेब जाणकारांनी साऱ्या देशासाठी मांडला आहे. २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूमुळे झालेले आजार आणि अकाली मृत्यू यांपायी भारताचं नुकसान झालं सुमारे १ लाख ७७ हजार कोटी रुपयांचं. त्यातला पाऊण वाटा विडी-सिगारेटचा. “पण सरकारला कर मिळतो ना?” मिळतो की! मात्र तंबाखूवरच्या अबकारी कराचे १०० रुपये तिजोरीत येतात, तेव्हा समाजाचे ८१६ रुपये जातात. सांगा, असा धंदा कुठला वाणी करील?

आता एक चांगली बातमी. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल नावाच्या शास्त्रज्ञांनी १९५१ पासून पन्नास वर्षं हजारो डॉक्टरांच्याच सवयींची नोंद ठेवली. सतत सिगारेट ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी झालेलं आढळलं. पण ज्यांनी पन्नाशीत सोडली, त्यांनी त्यातली सहा वर्षं परत मिळवली. तिशीत सोडणाऱ्यांनी तर जवळजवळ सगळीच! म्हणजे उशीर कधीच होत नाही.

तेव्हा बाबांवर, आजोबांवर रागावू नका. ही सवय सुटणं फार कठीण असतं, त्यांनाही ती नको असते. रात्री जेवणं झाली की ही वही हळूच त्यांच्यापुढे ठेवा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक मोफत आहे, तोही त्याच पानावर लिहा.

आणि पुन्हा कुणी पाकीट आणायला धाडलं तर? गोड आवाजात सांगा, “बाबा, अठरा वर्षांखालच्या मुलांना सिगारेट विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. गोळ्या नकोत मला, तुम्ही हवे आहात.”

कराल ना एवढं?

तुमचा,
काका