दिव्याचा पंखा जरूर घ्या, पण आधी सुट्या भागांची चौकशी करा

मीरा-भाईंदरमध्ये नवे घर लावणारा माणूस सर्वांत आधी काय खरेदी करतो, असे कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानदाराला विचारले तर तो पंख्याचेच नाव घेईल. फ्रिज हप्त्यावर येतो, कपाट मागाहून येते. पण पंख्याशिवाय खाडीकाठच्या या दमट हवेत एक रात्रही निघत नाही. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाखांच्या वर गेली. एवढ्या माणसांसाठी घरे उठली आणि प्रत्येक घरात दोन-तीन पंखे लागले. नयानगरपासून भाईंदर स्टेशनपर्यंतचे लहान दुकानदार, वायरमन आणि वाइंडिंगचे कारागीर या मालावर संसार चालवतात. म्हणून पंख्याच्या बाजारात होणारा बदल हा घर सजवणाऱ्यांइतकाच आपल्या रोजीचाही विषय आहे.

सध्या गिऱ्हाईक मागतो तो खाली दिवा बसवलेला, रिमोटवर चालणारा पंखा. लग्नसराईत आणि ईदच्या आधी दुकानात दर्शनी भागी हाच माल टांगलेला असतो. नवेपणाचा गाजावाजा असला तरी कल्पना जुनीच आहे. सिंगर शिलाई मशीनच्या कंपनीत काम केलेल्या फिलिप डील यांनी १८८० च्या दशकात शिलाई मशीनच्या मोटरला पाती लावून ती छताला टांगली आणि पुढे त्याच पंख्याला दिवेही जोडले. आपल्या शिंपी बांधवांना हे वाचून नवल वाटेल. अर्थात वस्तू शंभर वर्षांहून जुनी आहे, एवढ्यावरून ती आपल्या खोलीत शोभेल असे ठरत नाही. ते खोली बघून ठरवावे लागते.

पहिली गोष्ट उंचीची. राहत्या खोलीची उंची बांधकामाच्या नियमाप्रमाणे २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट असते. पंख्याला वरून हवा ओढता यावी म्हणून छत आणि पाती यांच्यामध्ये सुमारे एक फूट अंतर लागते. पाती आठ फुटांवर आली, तर त्याखालचा दिवा आणखी अर्धा फूट खाली उतरतो. अशा पंख्याखाली पलंगावर उभे राहून मच्छरदाणी बांधणाऱ्याचा हात सहज पात्याला लागेल. ज्या घरात माळा काढला आहे किंवा मुलांसाठी दुमजली पलंग आहे, तेथे हा पंखा नको. दांडा अगदी आखूड करून तो छताला चिकटवण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने धोका थोडा कमी होतो, पण वाराही कमी होतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम सुकवतो. म्हणून अंगापर्यंत किती वारा पोहोचतो हेच त्याचे खरे मोल. दहा बाय बाराच्या खोलीला १२०० मिलिमीटरचा, म्हणजे ४८ इंची पंखा लागतो. तो मिनिटाला २१० घनमीटर किंवा अधिक हवा फेकणारा असावा. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. गिऱ्हाइकाने तो वाचावा, दुकानदाराने बोट ठेवून दाखवावा. झुंबरासारखे दिसणारे, मिटणाऱ्या पात्यांचे किंवा जाळीत बसवलेले छोटे पंखे दिसायला देखणे असतात, पण मे महिन्याच्या दुपारी त्यांच्याखाली बसणाऱ्याला विचारा! सजावटीसाठी दिवे घ्यावेत, पंखा वाऱ्यासाठीच घ्यावा.

तिसरी गोष्ट उजेडाची. येथे या पंख्याचा एक खरा गुण सांगितला पाहिजे. छताला दिवा असेल आणि त्याखाली पंखा फिरत असेल, तर पात्यांच्या सावल्या खोलीभर धावतात आणि डोळे शिणतात. दिवा पात्यांच्या खाली आला की हा त्रास जातो. मात्र उजेड किती मिळतो तेही पाहा. चांगला एलईडी दिवा एका वॅटला साधारण १०० ल्यूमेन उजेड देतो. पंख्याखालचा १२ वॅटचा दिवा म्हणजे सुमारे १२०० ल्यूमेन, तर भिंतीवरची २० वॅटची एलईडी पट्टी सुमारे २००० ल्यूमेन. बसण्याउठण्याला, जेवणाला पंख्याचा दिवा पुरतो. पण आपल्याकडे कितीतरी घरांतच काम चालते. कोणी शिलाई करतो, कोणी जरीकाम, कोणी इमिटेशन दागिन्यांचे खडे चिकटवतो. दिवा थेट डोक्यावर आला की वाकलेल्या डोक्याची सावली नेमकी सुईवर पडते. अशा घरात पंख्याच्या दिव्यावर भिस्त ठेवून भिंतीवरची पट्टी काढून टाकणे म्हणजे डोळ्यांशी वैर करणे होय. कामाच्या जागी डाव्या बाजूने येणारा वेगळा दिवा हवाच. डावखुऱ्याने तो उजवीकडे ठेवावा.

चौथी गोष्ट विजेच्या बिलाची. जुन्या पद्धतीचा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तोच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. दिवसाला सोळा तास पंखा चालला तर महिन्याला पहिल्याचे ३६ युनिट होतात, दुसऱ्याचे साडेचौदाच्या आत. एका पंख्यामागे २१ युनिट वाचले. सर्व आकार धरून युनिटला आठ रुपयांचा हिशेब केला तर दरमहा १६८ रुपये होतात. शिवाय आपल्या बिलात १०० युनिटच्या पुढचा दर चढा असतो, त्यामुळे दोन पंखे बदलणाऱ्याचे बिल खालच्या टप्प्याकडे सरकते. २०१२ मध्ये पवईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांनी स्थापन केलेल्या ॲटमबर्ग कंपनीने हा पंखा घरोघर पोहोचवण्यात पुढाकार घेतला, आणि आज बहुतेक जुन्या कंपन्याही तो विकतात. पण दिव्याचा प्रत्येक पंखा बीएलडीसी असतोच असे नाही. रिमोट आहे म्हणजे वीज वाचते, हा निव्वळ गैरसमज आहे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावर तारांकनाचे लेबल बंधनकारक झाले; ते लेबल आणि त्यावरील वॅट पाहूनच पैसे मोजावेत.

पाचवी गोष्ट बसवण्याची. नयानगर, शांतीनगर, भाईंदर पूर्व या भागांतील अनेक इमारती ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या आहेत. तेथे पंख्याच्या जागी बहुधा एकच वायर येते. पंखा आणि दिवा वेगवेगळ्या बटणांवर हवे असतील तर दुसरी वायर ओढावी लागते, नाहीतर सारा कारभार रिमोटवर. घरातल्या म्हाताऱ्या आई-वडिलांना रिमोट जमेल का, तो हरवला तर रात्री दिवा कसा लागेल, याचा विचार खरेदीआधी करावा. बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही; तो मधून काढून सरळ जोडणी द्यावी लागते. दिव्यामुळे वजन वाढते, म्हणून छतातील हूक गंजला आहे का, स्लॅबला ओल आहे का, हे वायरमनने शिडीवर चढून हाताने तपासावे. पंखा स्लॅबच्या हुकालाच टांगावा, पीओपीच्या छताला कधीच नाही. कॉटर पिन आणि रबर बुश नवे घालावेत. दहा रुपयांच्या पिनेपायी झोपलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ होता कामा नये.

आता मुख्य मुद्दा. पंखा पंधरा-वीस वर्षे चालणारी वस्तू आहे. दिव्याचे आयुष्य त्याहून कमी. एलईडीचे दाणे टिकतात, पण त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर उष्णतेने आणि दमट हवेने आधी जातो. साध्या घरात दिवा गेला की शंभर-दीडशे रुपयांत नवा येतो. दिव्याच्या पंख्यात मात्र दिव्याची तबकडी त्याच कंपनीची, त्याच मापाची लागते. ती सुटी मिळाली नाही तर चार-पाच हजारांचा पंखा अंधाऱ्या तबकडीसह फिरत राहतो. तीच गत रिमोटची आणि आतील बोर्डाची. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, दिव्याच्या पंख्याची निवड रंग आणि पात्यांची नक्षी पाहून करू नये. तबकडी, ड्रायव्हर, बोर्ड आणि रिमोट सुटे मिळतात का, किती रुपयांना आणि कोठे, या प्रश्नाच्या उत्तरावर करावी. नेहमीच्या होल्डरमध्ये बसणारा बल्ब लागणारा पंखा मिळाला तर तो सर्वांत बरा. असे उत्तर मिळत नसेल तर साधा बीएलडीसी पंखा आणि भिंतीवर वेगळी पट्टी घ्यावी. ती जोडी स्वस्तही पडते.

व्यापारी बांधवांना येथे एक विनंती आहे. लोहार चाळीतून माल उचलताना आपण डझनाचा भाव विचारतो, उधारीचे दिवस विचारतो. त्याच वेळी घाऊक व्यापाऱ्याला सुट्या भागांबद्दलही विचारा. दहा पंख्यांमागे दोन तबकड्या, दोन रिमोट आणि एक बोर्ड दुकानात ठेवा. आयएसआय चिन्ह नसलेला पंखा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या आदेशाने छताच्या पंख्यांना हे चिन्ह सक्तीचे केले आहे, आणि बिनचिन्हाचा माल विकणे हा गुन्हा ठरतो. गिऱ्हाइकाला पक्के बिल द्या. मोटरची वॉरंटी किती आणि दिव्याची किती, हे बिलावर वेगवेगळे लिहा, कारण बहुतेक वेळा दोन्ही सारख्या नसतात. विकताना मौन आणि बिघडल्यावर कंपनीच्या फोन नंबराकडे बोट, अशी दुकानदारी मोठ्या मॉलला परवडेल. गल्लीतल्या दुकानाला परवडणार नाही. ऑनलाइन विक्रेत्याशी आपण भावात लढू शकत नाही. पण संध्याकाळी बंद पडलेला दिवा त्याच रात्री चालू करून देणे हे फक्त गल्लीतल्या दुकानालाच शक्य आहे. आपली बरकत तेथेच आहे.

कारागीर बांधवांचा प्रश्न याहून कठीण आहे. जुना पंखा जळला की तांबे काढून नवे वाइंडिंग करायचे, बेअरिंग बदलायचे, कंडेन्सर घालायचा. या हुनरावर कित्येक कुटुंबे उभी राहिली. बीएलडीसी पंख्यातही तांब्याचे वाइंडिंग असते, पण बिघाड बहुधा बोर्डात होतो. विजेचा दाब अचानक वाढतो, ओल शिरते, आणि बोर्ड जातो. ‘हा पंखा रिपेअर होत नाही’ असे सांगून गिऱ्हाइकाला परत पाठवणे सोपे आहे. पण असे दहा गिऱ्हाईक परत गेले की अकरावा येतच नाही. ज्याचा हात तांब्याच्या बारीक तारेवर बसलेला आहे त्याला मल्टिमीटर आणि सोल्डरिंग शिकणे अवघड नाही. पुढील पिढीतील मुलाला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला घालता येईल. दुकानदारांनीही वॉरंटी संपलेले बोर्ड भंगारात न देता या कारागिरांना सरावासाठी द्यावेत. दुकानदार आणि कारागीर यांनी मिळून दुरुस्तीची सोय उभी केली तर नवा पंखा दोघांच्याही पोटावर येणार नाही.

सारांश असा. छत नऊ फुटांचे आणि मोकळे असेल, खोली बसण्या-झोपण्याची असेल, पंखा बीएलडीसी व पूर्ण ४८ इंची असेल आणि दिव्याची तबकडी सुटी मिळत असेल, तर दिव्याचा पंखा खुशाल घ्यावा. कामाच्या खोलीत, माळ्याच्या घरात आणि ओल आलेल्या स्लॅबखाली तो घेऊ नये. आणि दुकानदाराने गिऱ्हाईक पैसे काढण्याच्या आधी हे सर्व स्वतःहून सांगावे. आज एक महागडा पंखा कमी विकला जाईल, पण तेच गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात सासुरवाडीच्या चार माणसांना घेऊन त्याच दुकानात येईल.