जुनी पिकअप घरी दुरुस्त होते, पण पासिंगचं गणित बसतं का?

राजुरी (ता. जुन्नर) : आळेफाट्याकडून बेल्ह्याकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांवर नजर टाका. कुठे गोठ्याच्या कडेला, कुठे कांद्याच्या चाळीला लागून एखादी जुनी पिकअप उभी दिसेलच. टायर बसलेले, हौद्यात सरपण नाहीतर ठिबकच्या जुन्या नळ्या. एकेकाळी याच गाडीने नारायणगावला टोमॅटो आणि आळेफाट्याला कांदा नेलेला असतो. मालक म्हणतो, "काय नाय झालं तिला, जरा काम केलं की चालू होईल." आणि ते खोटं नसतं. गाडी चालू होते. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

माझ्याही दारात अशी एक आहे. २००४ साली घेतलेली डिझेल पिकअप, दोन वर्षं उभी होती. दिवाळीनंतर ती घरीच बांधायला घेतली. मदतीला गावातले एक जुने फिटर आहेत, आम्ही त्यांना नाना म्हणतो. या दोन महिन्यांत जे शिकलो ते लिहितोय, कारण आपल्या भागात बरेच जण हाच विचार करत बसलेत. नवी गाडी घ्यायची तर साडेनऊ-दहा लाखांचं कर्ज, आणि टोमॅटोच्या भावाचा भरवसा नाही.

आधी कामाचं सांगतो. गाडी बघताना सगळे इंजिनाकडे बघतात. नानांनी पहिल्या दिवशी इंजिनाला हातच लावला नाही. हातोडी घेऊन चासी ठोकत गेले. जिथे टण आवाज येतो तिथे लोखंड शाबूत, जिथे थप् येतो तिथे आतून गंज. हौद्याखाली, पाट्यांच्या हँगरजवळ आणि मागच्या चाकांच्या वर माती आणि शेणखताचा ओलावा धरून राहतो, तिथे चासी आधी खाते. "इंजिन कुठेपण मिळतं. चासी खाल्ली असेल तर पैसे घालू नका," हे त्यांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. आमची एका ठिकाणी पातळ झाली होती, बाकी ठीक निघाली.

इंजिन खोललं तर बोअर फार झिजलं नव्हतं. रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट बदललं, हेड लेथवर फेस करून आणलं. खरा फरक पडला तो पंप आणि नोझलने. काळा धूर म्हणजे इंजिन गेलं असं आपण समजतो, पण पुष्कळदा डिझेल नीट फवारलं जात नाही एवढंच असतं. पंप कॅलिब्रेशन हे मात्र घरचं काम नाही, मशीन असलेल्या पंपवाल्याकडेच न्यायचं. जुन्या डिझेल गाडीला पीयूसीमध्ये धुराची मर्यादा ६५ युनिट आहे. एअर फिल्टर, नोझल आणि पंप नीट असतील तर बऱ्याच जुन्या गाड्या त्यात बसतात.

ब्रेकमध्ये मी फसलो. स्वस्त म्हणून व्हील सिलिंडर एका दुकानातून घेतले, ते डुप्लिकेट निघाले, चौथ्या दिवशी तेल गळायला लागलं. परत सगळं खोललं. ब्रेकचं सामान, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आणि किंगपिन यात पैसे वाचवू नयेत. आळ्याच्या उतारावर शंभर कॅरेट भरून उतरताना वाचवलेल्या चारशे रुपयांची आठवण येते.

आणखी दोन गोष्टी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपू नका. चाकं काढली की चासीखाली लाकडाचे ठोकळे लावा. माझा जॅक एकदा सरकला, ठोकळे होते म्हणून आज हे लिहितोय. दुसरं, डिझेलची टाकी घरी वेल्ड करू नका. रिकामी टाकी जास्त धोक्याची असते, आत वाफ असते. बाकी वेल्डिंग आम्ही दिवसा थ्री फेज असेल तेव्हाच केलं. रात्री वस्तीवर बाहेर बसून काम करायचे दिवस बिबट्यामुळे राहिले नाहीत.

एवढं झाल्यावर गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. पोरं नाचली. मग मी पासिंगचं बघायला बसलो, आणि खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्क्रॅप धोरण आणलं. तेव्हापासून जुन्या गाड्यांचे शुल्क वाढत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या खासगी चारचाकीची नोंदणी पुन्हा करण्याचं शुल्क ५ हजारांवरून १० हजार झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिटनेसचं, म्हणजे आपल्या भाषेत पासिंगचं शुल्क वाढलं. २० वर्षांवरच्या हलक्या वाहनाला १५ हजार, मध्यमला २० हजार, ट्रक-बससारख्या जड वाहनाला २५ हजार.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. शेजारच्याची जुनी कार खासगी आहे. तिला एकदा १० हजार भरले की पाच वर्षं बघायला नको. पिकअप मात्र माल वाहून नेण्यासाठी बनवलेली, म्हणून कायद्याने ती ट्रान्सपोर्ट वाहन. तुम्ही फक्त स्वतःच्या शेतातले टोमॅटो नेले तरी फरक पडत नाही. आणि आठ वर्षांनंतर ट्रान्सपोर्ट वाहनाचं पासिंग दरवर्षी. म्हणजे पाच वर्षांत कारवाल्याचे १० हजार, पिकअपवाल्याचे ७५ हजार. ट्रॅक्टर शेतीचा म्हणून वेगळा धरला जातो, पण शेतकऱ्याच्या पिकअपला तशी काही जागा कायद्यात नाही. माझ्या मते खरी मागणी इथे करायला पाहिजे. शुल्क कमी करा म्हणून नुसती ओरड करण्यापेक्षा, वर्षातले चार-पाच महिने स्वतःचाच माल नेणाऱ्या शेतकऱ्याच्या एका गाडीला वेगळा वर्ग द्या, असं आपल्या लोकप्रतिनिधींना सांगायला हवं.

आता हिशोब. माझ्या टोमॅटोच्या गेल्या हंगामात राजुरी ते नारायणगाव ४२ खेपा झाल्या. भाड्याच्या गाडीला खेपेला ९०० रुपये दिले. माझी गाडी असती तर जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटरला डिझेलचे ४१० रुपये लागले असते. खेपेला ४९० रुपये वाचले असते, ४२ खेपांचे २०,५८० रुपये. दुसऱ्या बाजूला पासिंग १५ हजार. थर्ड पार्टी विमा, २०२२ मध्ये ठरलेल्या दराने भाड्याने माल नेणाऱ्या साडेसात टनांपर्यंतच्या वाहनाला १६,०४९ रुपये, जीएसटी वेगळा. झाले ३१,०४९. म्हणजे गाडी दारात उभी ठेवून भाड्याची सांगितली असती तर मी दहा हजाराने फायद्यात राहिलो असतो. दुरुस्तीचा खर्च तर मी अजून धरलेलाच नाही, आणि तो पहिल्या वर्षात निघत नाही.

फक्त स्वतःचाच माल नेणार असाल तर विम्यात खासगी माल वाहकाचा दर वेगळा आहे, ८,५१० रुपये. एजंटला तो विचारा, बरेच जण आपणहून सांगत नाहीत. त्या दराने साधारण ४८ खेपांना गणित बरोबरीत येतं. पण मग शेजाऱ्याचा माल भाडं घेऊन टाकायचा नाही, तो या विम्यात बसत नाही. भाडं करायचं असेल तर १६ हजारांचा विमा घ्या आणि वर्षाला किमान ६४ खेपा होतील असं बघा. ज्या माल वाहनाचं एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही त्याला परमिट लागत नाही, तेवढा खर्च वाचतो. लायसनचीही आता अडचण राहिली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की साध्या एलएमव्ही लायसनवर साडेसात टनांपर्यंतचं ट्रान्सपोर्ट वाहन चालवता येतं.

नंबर प्लेटचं वेगळं. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी प्लेट लागते, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. ती नसेल तर पुढची कामं अडतात.

तुम्ही म्हणाल, इथे कोण विचारतंय पासिंग? खरं आहे. बाजाराच्या दिवशी किती गाड्या बिनपासिंगच्या असतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण कायद्याचं कलम ५६ असं आहे की फिटनेस नसलेल्या ट्रान्सपोर्ट वाहनाची नोंदणीच वैध धरली जात नाही. कल्याण-नगर रस्त्यावर एखादा मोटारसायकलवाला आडवा आला आणि काही झालं, तर विमा कंपनी हेच कलम पुढे करते. भरपाई मग मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते.

त्याहून गंभीर म्हणजे मजूर. कांदा लागणीला अकोल्याकडून आणि आपल्याच पश्चिम भागातून बायामाणसं येतात, त्यांना हौद्यात उभं करून आपण शेतावर नेतो. सगळेच करतात, मीही केलंय. माल वाहनाच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा माणूस बसतो, हौद्यातले मजूर बसत नाहीत. कोर्टाचे निकाल तसेच आहेत. जुनी गाडी, जुने ब्रेक, वर पंधरा माणसं आणि विमा शून्य. हे बंद करायला पाहिजे, गाडीचे कागद कितीही पूर्ण असोत.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दोन गोष्टींबद्दल. दहा वर्षांची डिझेल गाडी बंद होणार, हा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागाचा आहे. जुन्नर-आंबेगावला तो लागू नाही. आपल्याकडे वयावरून गाडी बंद होत नाही, पासिंगला नापास झाली किंवा कागद संपले तरच अडते. दुसरी, विंटेज नंबरची. जुलै २०२१ पासून ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, शुल्क २० हजार. पण तशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, डिझेल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. धंद्याला तर अजिबात नाही. तो हौसेचा प्रकार आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या कारखान्यातली जुनी मॅटाडोर कुणी आजोबांची आठवण म्हणून जपली असेल तर त्याने जरूर विचार करावा. बाजाराच्या गाडीचा तो मार्ग नाही.

इंजिन बदलण्याबद्दलही पुष्कळ जण विचारतात. दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवून गाडी पळते, आपले मिस्त्री हुशार आहेत. पण कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या मूळ माहितीत फरक पडेल असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलं. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकायचं असेल तर बिल जपून ठेवा आणि आरटीओत नोंद करून घ्या. इंजिन नंबर जुळला नाही तर पासिंगच्या दिवशी तुमचे दोन महिने वाया. भंगारातून इंजिन घेताना कागद मागायला लाजू नका, ते चोरीच्या गाडीचं निघालं तर वेगळीच फजिती.

सुटं सामानही आता पूर्वीसारखं मिळत नाही. आधी सरकारी जीप लिलावात निघायच्या, त्यातून आपल्याकडे कितीतरी गाड्या उभ्या राहिल्या. एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी वाढवत नाहीत, ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात जातात. तिकडे आपली पिकअप दिली तर धोरणात नव्या गाडीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के धरलेत. साडेनऊ लाखांची नवी गाडी धरली तर ३८ ते ५७ हजार. वर जमा प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या ट्रान्सपोर्ट गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत. नवी घ्यायचीच असेल तर हा आकडा वाईट नाही. गावातल्या भंगारवाल्याला दिली तर नोंदणी रद्द झाल्याचा कागद मिळत नाही आणि गाडी तुमच्या नावावरच राहते. पुढे तिचं कुणी काय केलं तर निस्तरायचं तुम्हालाच.

म्हणून माझं म्हणणं, पाना हातात घेण्याआधी पिंपरी-चिंचवड आरटीओचं, म्हणजे आपल्या एमएच १४ चं काम करा. थकीत कर, पर्यावरण कर, जुनी चलनं, सगळ्याचा आकडा काढा. पासिंग संपल्यानंतर दिवसाला ५० रुपये उशिराचं शुल्क नियमात आहे. त्यावरून आंदोलनं झाली आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने त्याला स्थगिती दिली होती, तरी आपल्या गाडीवर आज किती दाखवतं ते तिथेच कळेल. गाडी उभी करताना ती वापरात नसल्याची सूचना द्यायची असते, मी दिली नव्हती.

सध्या माझ्या गाडीचं इंजिन आणि ब्रेक झालेत, केबिनचा पत्रा आणि वायरिंग बाकी आहे. शेजारच्या दोघांनी त्यांचाही टोमॅटो माझ्याच गाडीत टाकायची तयारी दाखवली आहे, तसं झालं तर ६४ खेपा होतील असं वाटतंय. नाना म्हणतात सोमवारी पत्रा आणा. मी म्हटलं, नाना, आधी आरटीओचा आकडा येऊ द्या.