वेदना गेली, स्नायू भरला का?

क्वीन्सलँड विद्यापीठातल्या ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी 1994 साली नव्यानेच कंबर धरलेल्या रुग्णांचा मल्टिफिडस, म्हणजे मणक्यांना बिलगलेला खोल स्नायू, अल्ट्रासाउंडने मोजला. दुखऱ्या बाजूला तो बारीक झाला होता. हाइड्स यांच्याच 1996च्या अभ्यासातली गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते : वेदना गेल्या तरी स्नायू आपोआप भरला नाही, नेमका व्यायाम करणाऱ्यांचा भरला. आपण तर दुखणं थांबताच व्यायाम सोडतो!

जुनाट कंबरदुखीत चित्र इतकं सरळ नसतं. बारीक स्नायूवर सगळा दोष टाकणं घाईचं. पण पोटाचा खोल स्नायू आवळताना रुग्णाला तो अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर दिसतो, हे मोलाचं आहे. भारतात गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे अल्ट्रासाउंडचं यंत्र नोंदणीशिवाय ठेवता येत नाही. तो कायदा हवाच. त्याच्या चौकटीत राहून फिजिओथेरपिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र काम करावं, असा माझा आग्रह आहे.