पाटीवर हुलगा नाही

गेल्या डिसेंबरात माझ्या भाच्याच्या ओळखीचं एक डच जोडपं आमच्याकडे दोन दिवस राहून गेलं. भाचा हॉलंडमध्ये लायडन गावात नोकरीला आहे. पाहुण्यांचं पुण्यात काम होतं, रांजणगावचा गणपती बघायची हौस होती, म्हणून ते पुढे शिरूरला आले. चहा झाल्यावर पाहुणीने विचारलं, "इथलं पारंपरिक जेवण बाहेर कुठे मिळेल?" परगावी गेलं की तिथल्या खाणावळीत बसून तिथलं जेवण खायचं, ही तिची साधी रीत.

मी म्हटलं, "भरपूर ठिकाणी." आणि पुढचे दोन दिवस तोंडघशी पडले.

माझं सासर शिरूर तालुक्यातलं आणि माहेर दौंड तालुक्यातलं, वरवंडजवळ. न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. तेव्हा हा भाग मला माहीत नाही असं कुणी म्हणू नये. नगर रोडला शिक्रापूरपासून शिरूरपर्यंत आणि सोलापूर रोडला यवतपासून पाटसपर्यंत मी पाहुण्यांना घेऊन पाट्या वाचत फिरले. गावरान. अस्सल गावरान. चुलीवरचं मटण. रांगडी चव. प्रत्येक पाटीवर एक फेटेवाला मिशीला पीळ देत उभा. आत गेलं की मटण थाळी, चिकन थाळी, अळणी, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, इंद्रायणी भात. मांस न खाणाऱ्यांसाठी शेवभाजी, काजू मसाला आणि चार तऱ्हेचं पनीर. म्हणजे रस्से कोल्हापूरचे, तांदूळ मावळातला, शेवभाजी खानदेशाकडची आणि पनीर कुणाचं ते पनीरलाच ठाऊक. शिरूरचं काय? दौंडचं काय? पाहुणीने विचारलंही, "हे तुमच्या आई करायच्या?"

नाही. माझी आई हे करत नव्हती. माझं भांडण इथूनच सुरू होतं.

माझ्या आईच्या चुलीवर बाराही महिने बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी असायची. तिच्याबरोबर हुलग्याचं काहीतरी. पुस्तकात ज्याला कुळीथ म्हणतात तो आमचा हुलगा. थंडीत हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं घालून घट्ट मळायचं, तळहातावर वळून शेंगोळे करायचे आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. पिठाचा थोडा अंश पाण्यात उतरतो आणि रस्सा आपोआप दाट होतो. आजारी माणसाला, बाळंतिणीला हुलग्याचं माडगं. पावसाळ्यात भाजी नसली की उन्हाळ्यात घातलेले सांडगे. कधी पिठलं, कधी डांगर, कधी नुसता खर्डा आणि कांदा. मटण व्हायचं ते गावच्या जत्रेला, आखाडात, नाहीतर जावई आला तर. वर्षातले पाच-सहा दिवस. त्या पाच-सहा दिवसांना आपण आता 'गावरान जेवण' असं नाव दिलं आहे आणि उरलेले तीनशे साठ दिवस पाटीवरून पुसून टाकले आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्या रस्त्यांवर परंपरा म्हणून जे विकलं जातं तो सणाचा बेत आहे, आणि रोजचं जेवण आपण लाजेपोटी लपवून ठेवलं आहे. ही लाज साधी नाही. तिने शेतातलं पीक घालवलं आहे आणि बाईच्या हातातल्या विद्येची किंमत शून्य केली आहे.

हुलग्याचीच गोष्ट घ्या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती तिथे सापडली: घरं, चुली, धान्य साठवायच्या कणग्यांच्या जागा. जळून कोळसा झालेल्या दाण्यांत जव होता, गहू होता, मसूर होती आणि हुलगाही होता. पाटीवरच्या रश्श्यातली मिरची अमेरिका खंडातून इकडे आली, त्याला पाच-एकशे वर्षं झाली. शेंगदाणाही तिकडचाच. हुलगा त्याआधी दोन-अडीच हजार वर्षं घोडनदीच्या काठावर शिजत होता. 'अस्सल' हा शब्द लावायचाच असेल तर तो कुणाला लावावा, हे मालकांनी एकदा सांगावं.

मग हुलगा पाटीवर का नाही? कारण तो गरिबाचा. इंग्रजीत त्याला नावच घोड्याचा हरभरा असं आहे. इंग्रजांच्या काळात शिरूरला घोडदळाची छावणी होती. घोड्याला चारायचं ते माणसाने खाल्लं तर त्याची गणती कशात होणार, हे वेगळं सांगायला नको. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. मी तेव्हा शाळेत होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची, आम्हाला सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. त्या वर्षातून बाहेर पडलेल्या माणसांनी मनाशी ठरवलं की आता आपल्या पोरांच्या ताटात हे दिसू द्यायचं नाही. मी त्यांना दोष देत नाही. पुढे कालव्यांचं पाणी आलं, न्हावऱ्याला आणि पाटसला साखर कारखाने झाले, ऊस आला, पैसा आला. जिथे हुलगा मुरमाड रानात निव्वळ पावसावर यायचा तिथपर्यंत पाइपलाइन गेली. लाज आणि पाणी एकाच पिढीत आले आणि हुलगा दोन्हींत वाहून गेला.

लाजेची गोष्ट निघाली म्हणून लायडनचं सांगते. मी तिथे गेले होते तेव्हा ऑक्टोबरची सुरुवात होती. मलाही तोच प्रश्न पडला होता की इथलं पारंपरिक जेवण कुठे मिळतं. भाचा हसला. म्हणाला, "मावशी, इथे इंडोनेशियन मिळेल, इटालियन मिळेल, डच शोधायला लागेल." पण ३ ऑक्टोबरला शोधावं लागलं नाही. त्या दिवशी अख्खं गाव हुत्स्पॉट खातं: बटाटा, गाजर आणि कांदा एकत्र उकडून ठेचलेला लगदा, बरोबर मांसाचा तुकडा. १५७४ साली स्पॅनिश सैन्याचा वेढा उठला आणि उपाशी गावाला शत्रूच्या सोडून गेलेल्या तळावर असल्याच एका रटरटत्या पदार्थाचं भांडं सापडलं, अशी आख्यायिका सांगतात. तेव्हा त्यात बटाटा नव्हता, तो नंतर आला. चवीला म्हणाल तर आपल्याकडच्या माणसाला वर फोडणी द्यावीशी वाटेल. पण साडेचारशे वर्षांपूर्वीच्या उपासमारीची आठवण ते गाव ताठ मानेने ताटात घेतं. आमची उपासमार तर पन्नास वर्षांपूर्वीची, आणि आम्ही ती पनीरखाली झाकतो.

आता त्या चुलीबद्दल. आम्ही ज्या हॉटेलात जेवलो तिथे दारातच चूल होती. धूर, लाकडं, तवा आणि नऊवारीतल्या एक बाई भाकऱ्या थापत बसलेल्या. लोक फोटो काढत होते. मी हात धुवायला मागे गेले तर मटण गॅसच्या भट्टीवर शिजत होतं. त्याचा मला राग नाही, दोनशे माणसांचं मटण चुलीवर शिजवा असं मी म्हणणार नाही. राग आला तो पुढच्या बोलण्याचा. मी त्या बाईंशेजारी टेकले आणि विचारलं, "मावशी, आचारी कोण आहे?" त्या म्हणाल्या, "आचारी आत हाय, परगावचा. त्याला म्हैन्याचा पगार. मला रोजानं देत्यात." मग विचारलं, "शेंगोळे येतात का करायला?" त्यांनी तवा बाजूला ओढला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "येत्यात की. पर हितं कोन इचारतंय ताई? मालक म्हंत्यात, फकस्त भाकरी."

फक्त भाकरी. ज्या बाईला इथलं सगळं जेवण येतं तिला दारात शोभेला बसवायचं, तिच्या लुगड्यावर गिऱ्हाईक ओढायचं, आणि जेवण मात्र परगावच्या आचाऱ्याकडून शिजवून घ्यायचं. ह्याला गावरान म्हणायचं?

मालकांशीही बोलले. तरणा मुलगा होता, बोलायला नम्र. म्हणाला, "काकू, हुलगं खायला हायवेवर कोण गाडी थांबवणार? लोक मटणाला थांबतात." ह्या मुद्द्याला उत्तर द्यायला हवं, कारण तो धंद्यातला माणूस आहे आणि कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही. माझं उत्तर त्याच्याच शेजारपाजारी आहे. मासवडी बघा. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली ही वडी जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या घरांतली. घरच्या बायकांशिवाय ती कुणाला माहीत नव्हती, आज तिच्यासाठी लोक वाट वाकडी करतात. हुरडा बघा. शेतकऱ्याने बांधावर बसून आगटीत भाजून खायची कोवळी कणसं, त्यासाठी मोराच्या चिंचोलीकडे हिवाळ्यात पुण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि लोक माणशी पैसे मोजतात. गिऱ्हाइकाला गोडी लावावी लागते. पनीरची नाही का लावली?

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा: परंपरा म्हणजे काय दगड आहे? बदलतेच ना. अगदी मान्य. दौंडच्या पुढे भिगवणला मासे खायला लोक जातात. ते सगळं उजनीच्या पाण्यावर, आणि धरण १९८० चं. त्यातली चिलापी मूळची आफ्रिकेतली. तरी ती मच्छी आता तिथलीच झाली, आणि होऊ दे. दौंड तर रेल्वेचं गाव, दौंड-मनमाड लाइन १८७८ ची. तिथे रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन घरांतही चुली पेटत होत्या, त्यांचं जेवणही दौंडचंच. मी शुद्धता मागत नाही. खोटी पाटी लावू नका, एवढं मागते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जवळचा आहे, कारण तो माझ्या सुनेचा आहे. ती म्हणते, "आई, पहाटे उठून जात्यावर दळणाऱ्या बाईचं कौतुक करून तुम्ही तिला पुन्हा तिथेच बसवणार." तिला भीती वाटते ती खोटी नाही. पण जातं गेलं, ते परत आणा असं कुणी म्हणत नाही. मी म्हणते, ज्या कामाला घरात कधी मोल मिळालं नाही त्याला बाहेर मिळू दे. हुलग्याचे शेंगोळे शंभर रुपयांना विकले जातील आणि ते वळणारी बाई महिन्याच्या पगारावरची आचारी असेल, तेव्हा तिचं कौतुक फुकटचं राहणार नाही.

आणि 'गावरान' म्हणताना गावात एकच चूल होती असंही कुणी समजू नये. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' ह्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं जेवण लिहून ठेवलं, तेव्हा कितीतरी पदार्थांची नावं पुस्तकात पहिल्यांदा आली असतील. आमच्याही गावात वेशीच्या अलीकडचं आणि पलीकडचं ताट वेगळं होतं. पाटीवरच्या फेटेवाल्याने त्या सगळ्या चुली एकाच मिशीत गुंडाळल्या आहेत. हुलगा पाटीवर आला म्हणून हे सगळं मिटणार नाही, पण निदान विचारायला सुरुवात होईल की हे गावरान म्हणजे गावातल्या कुणाचं?

इथलं जेवण इथे मानाने वाढतच नाहीत असं नाही. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला येते तेव्हा गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालतं. घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात, मोठाल्या कढयांत पिठलं रटरटतं, आणि लाजायचं कुणाच्या मनातही येत नाही. माहेरी असताना मीही त्या भाकऱ्या थापल्या आहेत. पण तो वर्षातला एक दिवस. दुसरी जागा म्हणजे भीमथडी जत्रा, जिथे बचतगटाच्या बायका स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गल्ल्यावर हे सगळं विकतात आणि लोक रांगा लावतात. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ, आमचाच मुलूख. आणि ती जत्रा भरते पुण्यात! दौंडचं जेवण जेवायला दौंडच्या माणसाने पुण्याला जायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हरले आणि घरीच शेंगोळे केले. पाहुणीला वळायला बसवलं. तिचे वाकडेतिकडे झाले, तरी शिजले. जेवताना तिने रश्श्यात भाकरी चुरली, दोनदा मागून घेतलं आणि विचारलं, "हे बाहेर का नाही मिळत?" मी तिला म्हटलं, लाजतो आम्ही. तिला ते नीट कळलं असं वाटलं नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना एक काम सांगते. पुढच्या खेपेला नगर रोडला किंवा सोलापूर रोडला जेवायला थांबाल तेव्हा बसल्या बसल्या विचारा, "हुलग्याचं काय आहे?" नाही म्हणतील. शेजारच्या हॉटेलात विचारा. तिथेही नाही म्हणतील. मटण मागवा, पोटभर जेवा, माझं त्याच्याशी वैर नाही. पण निघताना गल्ल्यावर पुन्हा एकदा विचारा, जरा मोठ्याने, म्हणजे दारातल्या तव्यापाशी बसलेल्या मावशींना ऐकू जाईल.