प्रयोगशाळेतील लिटर, रस्त्यावरील लिटर

फियाट कंपनीने २००७ साली आपली जुनी लाडकी ‘५००’ मोटार नव्या रूपात आणली, तेव्हा युरोपातील शहरवासी तिच्या डौलावर लुब्ध झाले. २०१० साली तीत दोन सिलिंडरांचे छोटे टर्बो इंजिन आले. शंभर किलोमीटरला ४.१ लिटर पेट्रोल, म्हणजे लिटरमागे सुमारे चोवीस किलोमीटर, हा तिचा अधिकृत आकडा. नित्याच्या वापरात तो गाठणे दुरापास्तच होते.

याचा दोष चालकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्या काळची युरोपीय चाचणी प्रयोगशाळेतील रोलरवर, जेमतेम अकरा किलोमीटरांची आणि ताशी सरासरी चौतीस किलोमीटर वेगाची होती. इतक्या संथ गतीत टर्बोला फारसे काम नसते. चढ आला, घाई झाली की तो इंजिनात हवा कोंबतो आणि पेट्रोलही त्या मानाने जळते. शिवाय ब्रिटनमध्ये तेव्हा किलोमीटरला शंभर ग्रॅमपर्यंत कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या मोटारींना वार्षिक कर माफ होता. या मोटारीचा आकडा ९५! ज्या आकड्यावर कर ठरतो, त्याच्याच बेताने यंत्र घडू लागले तर नवल कसले?

२०१७ पासून अधिक लांब व वेगवान चाचणी लागू झाली. पुढे नव्या मोटारींत प्रत्यक्ष जळालेले इंधन नोंदणारी यंत्रणाही आली. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगानेच २०२४ साली सांगितले की, पेट्रोल मोटारी नव्या आकड्याहूनही जवळपास चौथ्या हिश्शाने अधिक इंधन घेतात. हा फरक हप्त्यावर मोटार घेणाऱ्या पगारदाराच्या खिशातून जातो. मग विक्रीच्या फलकावर प्रयोगशाळेच्या आकड्याशेजारी रस्त्यावरील सरासरीही छापण्याची सक्ती का नसावी?