पोच घेतलीत का?

सातपुड्यावर पहिला पाऊस उतरला की धडगावच्या बसस्थानकात पत्र्याच्या पेट्या आणि गाद्यांच्या वळकट्या दिसू लागतात. कोणी शहाद्याला, कोणी नंदुरबारला, तर कोणी थेट नाशिक-पुण्याला शिकायला निघालेले असते. निरोप द्यायला आलेल्या आजी-आजोबांचा उपदेशही ठरलेला असतो: नीट जेव, पैसे जपून वापर, कोणाशी भांडू नकोस. यांतील तिसऱ्या वाक्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे. ते प्रेमापोटीच म्हटलेले असते. पण वसतिगृहात छळ सोसणारे मूल त्याचा अर्थ ‘घरी सांगू नकोस’ असा लावून घेते.

जळगावच्या डॉ. पायल तडवी यांचे स्मरण अनेकांना असेल. आदिवासी तडवी भिल्ल समाजातील ही तरुणी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. 22 मे 2019 रोजी तिने वसतिगृहातील खोलीत आपले जीवन संपवले. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. आपल्यासाठी महत्त्वाचे ते वेगळेच आहे. पायल घरी बोलली होती. तिच्या आईला सारे ठाऊक होते आणि आपण तोंडी तक्रारीही केल्या होत्या, असे कुटुंबीयांचे म्हणणे आहे. तोंडी सांगितलेले मात्र कोणत्याही दप्तरात उमटत नाही.

महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 सालचा आहे. त्यात एक तरतूद अशी आहे की जी घरातील वडीलधाऱ्यांनी तोंडपाठ करावी. रॅगिंगची लेखी तक्रार केवळ विद्यार्थ्यानेच नव्हे, तर आईवडिलांनी किंवा पालकांनीही करता येते. ती हाती पडल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी करावयाची असते. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. टाळाटाळ करणारा प्रमुख स्वतःच गुन्ह्याला साहाय्य केल्याचा दोषी मानला जाऊ शकतो. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होतो. चिडवणे, शिवीगाळ, धमकी, मनाविरुद्ध काही करावयास लावणे, हे सारे या कायद्याच्या कक्षेत येते. पावरी किंवा भिली बोलीची ढब मराठीत उमटते म्हणून वर्गात नक्कल करून हसणे, ही ‘मुलांची गंमत’ नव्हे.

अक्राणी तालुक्यातील कितीतरी घरांतून आईवडील वर्षातील काही महिने मजुरीसाठी बाहेर असतात. अशा वेळी मुलांचा सांभाळ करणारी आजीच तेथे पालक असते. लिहिता येत नसेल तर गावातील शिक्षकाकडून अर्ज लिहून घ्यावा. काय घडले, कोणत्या तारखेला, कोठे, कोणासमोर, एवढे पुरे; विशेषणांची गरज नाही. दोन प्रती कराव्यात आणि एकीवर कार्यालयाचा शिक्का व तारीख घ्यावी. हीच पोच. ती देण्यास कोणी कुरकुर केली, तर अर्ज स्पीड पोस्टाने धाडावा.

मूल सांगतच नसेल तर? फोनवरचा आवाज ऐकावा. बोलणे एकाएकी तुटक होणे, झोप उडणे, भूक मंदावणे, परतण्याच्या आदल्या दिवशी पोट दुखू लागणे, ही लक्षणे वैद्य होण्याआधीच आजीला कळतात. त्या वेळी ‘तूच काही केले असशील’ हे वाक्य जिभेवर आले तरी गिळावे. जगणे नकोसे झाल्याची भाषा निघाली, तर मुलाला एकटे ठेवू नये. टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा देशव्यापी क्रमांक आहे.

हल्ली एक वेगळा फासही टाकला जातो. ‘तुझे बँक खाते काही दिवस वापरायला दे, हजार-दोन हजार देतो’ असे सांगून शिष्यवृत्तीच्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो. मग पोलीस प्रथम खातेदाराच्याच दारी येतात. खाते, एटीएम कार्ड किंवा ओटीपी मित्रालाही देऊ नये. पैसे गेलेच तर 1930 वर तत्काळ कळवावे; जितका उशीर, तितकी रक्कम हातची निसटते.

आणखी एक सोय 1 जुलै 2024 पासून नव्या फौजदारी कायद्यात स्पष्टपणे लिहिली गेली आहे. गुन्हा पुण्यात घडला असला तरी त्याची खबर धडगावच्या पोलीस ठाण्यातही देता येते. ती पुढे योग्य ठाण्याकडे जाते आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते.

प्रवेशाच्या वेळी रॅगिंग न करण्याचे हमीपत्र विद्यार्थी व पालक दोघांकडूनही भरून घेतले जाते. बहुतेक घरांत ते न वाचताच सही किंवा अंगठा उमटतो. यंदा नातवाने तो कागद पुढे केला, तर त्याच्याकडूनच तो मोठ्याने वाचून घ्यावा, आणि एक प्रत घरच्या पेटीत ठेवून द्यावी.