आमच्या नावाचा सातबारा कुणाच्या नावे?

मागच्या पावसाळ्यात कामरगावच्या आमच्या मासिक बैठकीत एक बाई उठून म्हणाली, "पोरीच्या मोबाइलवरून तुमच्या त्या पत्त्यावर समदं लिवून धाडलं होतं, ताई. तुमचा कायी निरोपच नाई आला."

नवऱ्याची मारहाण, दोनदा घराबाहेर काढणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं, सगळी हकीकत तिने ईमेलने पाठवली होती. पत्ता आमच्याच पत्रकावर छापलेला होता. आमच्यापर्यंत एक ओळही पोचली नव्हती. मग ते पत्र गेलं कुठे?

त्या रात्री आम्ही दोघी-तिघी कार्यालयात बसलो आणि शोधायला लागलो. वेबसाइट उघडली तर तिथे जुगाराच्या जाहिराती. सहा वर्षांपूर्वी एका हितचिंतक भावाने ती फुकट बनवून दिली होती. भला माणूस. पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, त्याने स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या कार्डाने घेतलं होतं. पुढे तो नोकरीसाठी गेला आणि त्याचा जुना ईमेल बंद पडला. मुदत संपल्याच्या सूचना त्या बंद पेटीत जात राहिल्या. नाव मोकळं झालं आणि तिसऱ्याच कुणीतरी ते उचललं. आमच्यापैकी एकीलाही पत्ता नव्हता.

मैत्रिणींनो, हे थोडं समजून घेऊ या. संगणकांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. कुठलं नाव कुठल्या आकड्यावर राहतं याची नोंद ठेवणारी जगभर पसरलेली यंत्रणा आहे. तिला डोमेन नेम सिस्टीम, डीएनएस म्हणतात. प्रत्येक नावाखाली वेगवेगळ्या नोंदी असतात. 'ए' नोंद सांगते की वेबसाइट कुठल्या संगणकावर आहे. 'एमएक्स' नोंद सांगते की त्या नावाची टपाल कुणाच्या दारात टाकायची. 'एनएस' नोंद सांगते की या साऱ्या नोंदींची वही कुणाच्या हातात आहे. 'टीएक्सटी' नोंदीत इतर मजकूर असतो. या नावाने पत्र पाठवायचा अधिकार कुठल्या यंत्रांना आहे, हेही तिथे लिहिता येतं.

आणि या नोंदी उघड्या असतात. कुणीही विचाराव्यात. गूगल, क्लाउडफ्लेअर यांसारख्या कंपन्यांनी त्यासाठी वेबवरच सोय ठेवली आहे. ब्राउझरच्या पट्टीत गूगलच्या त्या सोयीचा पत्ता, पुढे हवं ते नाव आणि नोंदीचा प्रकार लिहिला की उत्तर येतं. उत्तर रुक्ष असतं, कंस आणि आकड्यांचं, पण वाचता येतं. 'स्टेटस' पुढे ० असेल तर चौकशी सुरळीत झाली. ३ असेल तर असं नावच अस्तित्वात नाही. 'टाइप' पुढे १ म्हणजे 'ए', २ म्हणजे 'एनएस', १५ म्हणजे 'एमएक्स', १६ म्हणजे 'टीएक्सटी'. 'टीटीएल' म्हणजे हे उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं ते. वीस मिनिटांत शिकता येतं. आम्ही शिकलो. आमच्या नावाची 'एनएस' नोंद कुठल्याशा अनोळखी कंपनीकडे होती. 'एमएक्स' नोंदही आमची नव्हती. म्हणजे आमच्या पत्त्यावर लिहिणाऱ्या प्रत्येक बाईचं दुःख परक्याच्या दारात पडत होतं. ते कुणी वाचलं, की कुणीच वाचलं नाही, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

संघटनेत हा विषय काढला तेव्हा पहिलं उत्तर आलं, "हे तांत्रिक आहे. एखाद्या पोराला सांगा." हे वाक्य मला नवीन नव्हतं. सातबाऱ्याबद्दल, बँकेच्या पासबुकाबद्दल, फेरफाराबद्दल बायकांना पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवलं गेलं. कागद पुरुषांनी सांभाळायचे, कष्ट बाईने करायचे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्ती कार्यक्रमातून बायकांच्या नावे जमीन लावायला घेतली, तेव्हा प्रश्न हाच होता : राबते कोण आणि नोंद कुणाची? कागदावर नाव नसेल तर हक्क हा केवळ मेहरबानी असतो, हे आपण गावोगाव सांगतो. आणि स्वतःच्या संस्थेचं नाव मात्र कुणा भल्या भावाच्या कार्डावर ठेवतो! आपल्याला हे शोभतं का?

यंत्र हे पुरुषांचं क्षेत्र, हा समज इतिहासालाही धरून नाही. डीएनएस येण्याआधी अमेरिकेतल्या जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं एकाच यादीत लिहिली जात. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधलं ती यादी सांभाळणारं माहिती केंद्र एलिझाबेथ फाइनलर या बाईंनी १९७२ पासून १९८९ पर्यंत उभं केलं आणि चालवलं. नवीन संगणक जोडायचा तर त्यांच्या कार्यालयाकडे नाव नोंदवावं लागे. जाळं वाढलं, एका यादीला ते पेलवेना, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. आज आपण रोज लिहितो ती 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' ही शेपटं ठरवण्यात फाइनलर यांच्या गटाचा हात आहे. नावांची पहिली वही बाईच्या हातात होती. ती बघायला आपण कुणाची परवानगी मागतो आहोत?

दुसरा आक्षेप : हा शहरी, शिकलेल्या बायकांचा विषय. तसं असतं तर बरं झालं असतं. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बनावट वेबसाइटींनी हात मारायचा प्रयत्न केला तो आपल्याच शेतमजूर बायांवर. नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागणाऱ्या त्या प्रक्रियेत विधवा, टाकलेल्या बाया आधीच गांगरलेल्या होत्या. वेबसाइटचं नाव उजवीकडून वाचायचं असतं, एवढं जरी त्यांना कुणी सांगितलं असतं! सुरुवातीच्या जोड रेघा सोडून पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अगदी आधी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तर ते नाव सरकारी. ते सरकारी यंत्रणेलाच मिळतं. दुसऱ्या कुठल्या शेपटाच्या आधी 'लाडकी बहीण' असं कितीही ठळक लिहिता येतं, ते कुणालाही.

या साधनाची मर्यादाही सांगायला हवी. डीएनएसची नोंद म्हणजे चारित्र्याचा दाखला नाही. ठकाच्या वेबसाइटलाही रीतसर नोंदी असतात. नोंदीतून मालक कोण हेही कळत नाही. त्यासाठी नोंदणीची वेगळी वही असते, आणि २०१८ पासून, युरोपातला खाजगीपणाचा कायदा लागू झाल्यावर, तिथली बहुतेक व्यक्तींची नावं झाकलेली असतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्याआधी एकट्या बाईने वेबसाइट घेतली तर तिच्या घरचा पत्ता आणि फोन जगाला दिसायचा. धमकी द्यायला येणाऱ्याला आणखी काय हवं होतं?

आणखी एक गोष्ट. आपण एखादं नाव उघडतो तेव्हा डीएनएसला प्रश्न जातो. हा प्रश्न जुन्या पद्धतीने उघडाच जातो, पोस्टकार्डासारखा. वाटेतलं जाळं ज्याच्या ताब्यात, त्याला वाचता येतो. घरातून पळून जायची तयारी करणारी बाई मदतकेंद्राची वेबसाइट शोधते, तेव्हा ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही. हा प्रश्न बंद पाकिटातून पाठवायची पद्धत २०१८ मध्ये प्रमाणित झाली आणि आज अनेक ब्राउझरांत ती चालू करता येते. पण ज्या कंपनीला प्रश्न विचारतो तिला तो कळतोच. आणि फोनच नवऱ्याच्या हातात असेल तर कुठलंच पाकीट उपयोगाचं नाही. ते आपण तिला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

निधी देणाऱ्यांनाही दोन शब्द. तुम्ही वेबसाइटसाठी पैसे देता, ठेकेदार नेमता, उद्‌घाटनाचा फोटो काढता. नाव कुणाच्या नावे घेतलं, हे किती अहवालांत विचारता? प्रकल्प तीन वर्षांत संपतो. बाईच्या हातातलं पत्रक संपत नाही, ती ते ट्रंकेत जपून ठेवते आणि वेळ आली की त्याच पत्त्यावर लिहिते.

म्हणून प्रत्येक गटाने चार गोष्टी कराव्यात. नाव संस्थेच्या नावे नोंदवा. मुदत संपण्याची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहा. खात्याची किल्ली किमान दोघींच्या हाती ठेवा. दर तीन महिन्यांनी आपल्या नावाच्या 'एनएस' आणि 'एमएक्स' नोंदी मागवून बैठकीत वाचा. बदल दिसला तर त्याच दिवशी चौकशी करा. आणि जुनं नाव सोडायचं ठरलं तरी पत्रकं लोकांच्या घरात आहेत तोवर त्याचे पैसे भरत राहा. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' सारखं नाव मुदत संपून रद्द झालं की जास्तीचे पैसे भरून सोडवायला ३० दिवस मिळतात. त्यानंतर आणखी ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येतं.

आमचं जुनं नाव आम्हाला परत मिळालं नाही. नवं घेतलं. जुन्या पत्रकांवरचा पत्ता पेनाने खोडून गावोगाव नवा लिहून दिला, दोन महिने तेच काम चाललं. त्या बाईचा अर्ज आम्ही हाताने लिहून घेतला आणि तिच्यासोबत संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलो. ती वाचली. पण तिच्या आधी आणखी कुणी कुणी लिहिलं होतं, हे कुठल्याही साधनाला विचारून कळत नाही.

पुढच्या बैठकीत आपल्या संस्थेचं नाव घेऊन बसा, मैत्रिणींनो. टपाल कुणाच्या दारात पडते आहे, ते आपल्या डोळ्यांनी बघा.